एक वर्ष कमी

अमेरिकेहून मेल आला तेव्हा अजित खाली फाटकावर फ्लेक्स लावून घेत होता.

शनिवारची सकाळ होती. मंडळाची माणसं शिडीवर चढून दोऱ्या ओढत होती आणि अजित डिलाईल रोडच्या पलीकडच्या फुटपाथवर उभा राहून डावी बाजू अजून वर घ्या, असं हाताने खुणावत होता. फ्लेक्सवर त्याच्या मुलीचा, अवनीचा, पासपोर्टसाठी काढलेला फोटो मोठा करून टाकला होता. खाली ‘आपल्या चाळीची कन्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला’ असं होतं, आणि त्याखाली शुभेच्छा देणाऱ्यांमध्ये पहिलं नाव अजितच्या धाकट्या भावाचं, राजरत्नचं. फ्लेक्स त्यानेच छापून आणला होता.

वर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सुनेत्रा परळच्या हॉस्पिटलमधून रात्रपाळी करून नुकतीच आली होती. ती केसांतल्या पिना काढत असताना अवनीने तिला हाक मारली.

“मम्मी, इकडे ये जरा. हे वाच.”

सुनेत्राने मोबाइल हातात घेतला. विद्यापीठाने प्रवेश देताना एकच अट घातली होती. मुंबईची पदवी अमेरिकेतल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असा एका तपासणी संस्थेचा अहवाल त्यांना हवा होता. तो अहवाल आता आला होता. अवनीची संख्याशास्त्रातली बी.एस्सी. ही अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीपैकी तीन वर्षांच्या अभ्यासाइतकी आहे, पदवीच्या बरोबरीची नाही, असं त्यात होतं. त्यामुळे यंदा प्रवेश देता येणार नाही, असं विद्यापीठाने सौम्य भाषेत कळवलं होतं. चौथं वर्ष पूर्ण केल्यास पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू. अधिक शिक्षण झालं असेल, तर त्याचे कागद महिनाअखेरपर्यंत संबंधित शिक्षणसंस्थेने परस्पर पाठवावेत.

“आणि स्कॉलरशिप?” सुनेत्राने विचारलं.

“ती याच विद्यापीठासाठी आणि याच वर्षासाठी आहे. नाही गेले तर गेली. पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा.”

सरकारच्या त्या शिष्यवृत्तीशिवाय अमेरिकेला जाणं या घराला शक्य नव्हतं. अजित वर आला तो खुशीत होता. मेल वाचताना त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम तो पंचवीस वर्षं करत होता आणि वाईट बातमीचे कागद शांतपणे वाचायची त्याला सवय होती.

“उद्याचा सत्काराचा कार्यक्रम रद्द करायला सांगू का?” सुनेत्राने विचारलं.

“कशाला? होणार तो. कुणाला एक शब्द बोलायचा नाही.” अजितने मोबाइल अवनीला परत दिला. “आधी प्रितीला आणि राजूला बोलावून घेतो.”

*

अजितची बहीण प्रिती शिवाजी पार्कहून टॅक्सीने आली तेव्हा राजरत्न येऊन बसला होता. घरं भाड्याने देण्याघेण्याचा त्याचा धंदा होता आणि बोलताना तो नेहमी दोन फोन समोर ठेवून बसायचा. कॉटवर या भावंडांची आई, मीराबाई, मेथी निवडत होत्या. घरात काय झालंय ते त्यांना सकाळीच कळलं होतं.

“मला एक सांग, ताई,” राजरत्न म्हणाला. “आपलं वर्ष बारा महिन्यांचं, त्यांचं काय सोळा महिन्यांचं असतं?”

“तसं नाही रे. बारावीनंतर पदवीला किती वर्षं, ते बघतात. त्यांच्याकडे चार, आपल्याकडे तीन.”

“मग दरवर्षी एवढी पोरं जातात ती कशी?”

“ती बरीचशी इंजिनियर असतात. त्यांची चारच असतात.”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते प्रितीच्या लक्षात आलं. सुनेत्राच्या तर आधीच आलं होतं.

“हे तेव्हा माहीत होतं तुम्हाला, ताई?”

सुनेत्राने आवाज चढवला नव्हता. पण ‘तेव्हा’ म्हणजे केव्हा, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या पद्धतीत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येत होतं, किंवा कॉलेजातच चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येत होतं. सुनेत्राचं म्हणणं होतं, करू दे चौथं, घाई कसली आहे? प्रिती म्हणाली होती की आता तिकडे तीन वर्षांची पदवी धरतात, उगाच वर्ष कशाला घालवायचं? आणि अजितने सुनेत्राकडे न बघता म्हटलं होतं, “ताई प्राध्यापक आहे, तिला कळतं.”

प्रिती दादरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. तीन वर्षांची पदवी धरणारी विद्यापीठं होती, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हे विद्यापीठ धरतं का, एवढं मात्र तिने पाहिलं नव्हतं. तिच्या सासरी दीर गेला होता, नणंद गेली होती, सासऱ्यांचे दोन पुतणे गेले होते, आणि जेवताना अमेरिकेची गोष्ट निघाली की ती माटुंग्याला जाण्याइतकी सोपी वाटायची. ते सगळे इंजिनियर. पदवी पुरेल की नाही, हा प्रश्न त्या घरात कुणाला कधी पडलाच नव्हता, आणि म्हणून तिलाही पडला नव्हता.

“पुरतं पाहिलं नाही मी,” ती म्हणाली.

“आता कोणाचं चुकलं ते काढत बसू नका,” अजित म्हणाला. “पुढे काय करायचं ते बोला.”

राजरत्न फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेला. बराच वेळ त्याचं हसणं आणि ‘बॉस, बॉस’ ऐकू येत राहिलं. आत आला तो दार लोटूनच.

“रस्ता आहे. दादरला आपला उन्मेष आहे, बाहेर पाठवायचं काम करतो. तो म्हणतो, तीन वर्षं आणि वर एक वर्षाचा डिप्लोमा दाखवला तर चार धरून घेतात. नवी मुंबईत त्याच्या ओळखीची एक इन्स्टिट्यूट आहे. ते देतात.”

“एक वर्ष लागेल ना त्याला?” अवनी म्हणाली.

“अगं, गेल्या वर्षीचा देतात. शनिवार-रविवारचा कोर्स. कॉलेज करता करता केलास तू. कोण येतंय बघायला?”

“पण मी केला नाहीये, काका.”

“तेच तर सांगतोय. करायची गरज नाही.”

सुनेत्रा अजितकडे बघत होती. “अहो, तुम्ही काही बोला ना. असले कागद तुमच्या टेबलावर आले तर काय करता तुम्ही? परतच पाठवता ना?”

“तू मला माझं काम शिकवू नकोस.”

“शिकवत नाही. विचारतेय.”

तेवढ्यात मीराबाई बोलल्या. मेथीवरचे हात न थांबवता त्या म्हणाल्या, “एवढं काय त्यात? ह्यांचा बाप गिरणीत लागला तेव्हा वय वाढवूनच लागला होता. दोन वर्षं जास्त सांगितली. नायतर घेतलाच नसता. आपल्याला कुणी पुढच्या दाराने घेतलंय का कधी?”

सुनेत्राला हे अनपेक्षित होतं. सासू आपल्या बाजूने बोलेल असं ती धरून चालली होती. राजरत्नने मांडीवर थाप मारली.

“बघ वहिनी! आईला समजतं.”

“प्रिती, तुला काय वाटतं?” अजितने विचारलं.

“डिप्लोमा धरतात काही ठिकाणी,” प्रिती म्हणाली. “म्हणजे, संस्था मान्यताप्राप्त असेल तर…” आणि ती थांबली. हे काम झालं, तर तिच्या सल्ल्याची आठवण पुन्हा कुणी काढणार नव्हतं. अवनी ऑगस्टमध्ये विमानात बसेल आणि सगळं मिटेल. आपल्याला हे हवंसं वाटतंय, हे तिला स्वच्छ कळलं. एखाद्या विद्यार्थ्याच्या पेपरात नक्कल ओळखू यावी, तसं कळलं. तरी ती पुढे ‘नको’ म्हणाली नाही. सुनेत्राची नजर टाळून तिने पाण्याचा ग्लास उचलला.

“मला नकोय,” अवनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“पकडलं गेलं तर कायमचं बंद होईल. दुसरीकडे कुठे अर्जही करता येणार नाही. आणि नाही पकडलं तरी ते चौथं वर्ष मला येत नाहीये, पप्पा. माझ्या वर्गातल्या ज्या मुली थांबल्या, त्या आत्ता जे शिकतायत ते मला माहीत नाही. तिकडे जाऊन वर्गात बसल्यावर मी काय करू?”

अजित खिडकीबाहेर बघत होता. खाली फाटकाशी कुणीतरी फ्लेक्ससमोर उभं राहून सेल्फी काढत होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “नको तर नको.”

“नक्की?”

“हो म्हटलं ना.”

*

रविवारी संध्याकाळी चाळीच्या विहारात खुर्च्या मांडल्या होत्या. अवनीने आईची पांढरी साडी नेसली होती. हे सगळं कशासाठी करायचं, हे तिला आता कळत नव्हतं. पण पप्पांनी कालपासून एवढंच लावून धरलं होतं की कार्यक्रम होऊ दे, लोकांना नंतर सावकाश सांगू. राजरत्न दोन्ही हातांत हारांच्या पिशव्या घेऊन आला. त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजत होता.

“बघ गं कोण आहे. सांग, पाच मिनिटांत करतो.”

अवनीने फोन काढून कानाला लावला. तिने हॅलो म्हणायच्या आत पलीकडचा माणूस बोलायला लागला.

“राजूभाई, काम झालं. सर्टिफिकेट रेडी आहे. उद्या सकाळी इन्स्टिट्यूट डायरेक्ट अमेरिकेला पाठवणार. तुमच्या भावाने मार्कशीट आणि फोटो काल रात्रीच दिलेत, तिकडून सगळं ओके.”

“मी अवनी बोलतेय.”

मग उन्मेष मनापासून म्हणाला, “अरे वा! काँग्रॅच्युलेशन्स!”

तिने फोन बंद केला आणि राजरत्नच्या खिशात परत ठेवला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं असेल ते ओळखलं. “दादाला विचार,” एवढंच म्हणून तो घाईने आत गेला.

अजित विहाराच्या मागच्या बोळात साउंडवाल्याला वायर कुठून न्यायची ते दाखवत होता. साउंडवाला जाईपर्यंत अवनी थांबली.

“काल तुम्ही हो म्हणालात.”

अजितने काय, कशाबद्दल असं विचारलं नाही.

“तुला काही करावं लागणार नाही,” तो म्हणाला. “कुठे सही नाही, काही नाही. परस्पर जाईल.”

“माझ्या नावाने जाईल.”

“हे बघ अवनी, तुझ्या जातीच्या दाखल्याच्या व्हॅलिडिटीसाठी मी महाडला किती वेळा गेलो ते तुला माहीत आहे? आजोबांच्या वडिलांचं नाव शाळेत आहे का ते शोधायला. शाळेचं जुनं दप्तर पुरात गेलेलं. मग तहसील, मग तलाठी, मग पुन्हा समितीपुढे उभं राहायचं. आपण कोण आहोत ते आपल्यालाच सिद्ध करायला लावतात. त्याच्या आधी माझ्या नोकरीच्या वेळी तेच. तुझ्या कॉलेजला तेच. आता तू पहिल्या वर्गात पास झालीस, तर अमेरिकेतला कुणी उठून म्हणतो, ही पदवीच नाही. म्हणजे आता तिकडेही सिद्ध करत बसायचं? मला कंटाळा आलाय. खरंच कंटाळा आलाय.”

तो कधी इतकं सलग बोलत नसे. अवनीला वाटलं, आत्ता आपण रडलो तर ते आपल्या पाठीवर हात ठेवतील आणि सर्टिफिकेट उद्या सकाळी जाईल.

“ते सगळं खरं होतं, पप्पा. महाडचं. खरं होतं म्हणून सापडलं.”

“तू लहान आहेस.”

“उन्मेषला फोन करा. नको म्हणून सांगा.”

“कार्यक्रम होऊ दे. मग बोलू.”

आत माइकवर कुणीतरी ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणत होतं. ‘मग बोलू’चा अर्थ तिला कळत होता. मग बोलणं होईल, रात्र जाईल, सकाळ होईल. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि तो खांद्यांवर थोडा ढगळ होता.

*

मीराबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी प्रिती आणि तिच्या पलीकडे सुनेत्रा. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. अजित कडेच्या खुर्चीवर येऊन बसला. सगळे उभे राहिले, त्रिशरण आणि पंचशील झालं. मीराबाईंना हल्ली ऐकायला कमी यायचं, पण पोटच्या पोराचा आवाज त्या गर्दीत ओळखत. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं जे चौथं शील आहे, त्या वेळी अजितचे ओठ हलले, आवाज आला नाही.

कुशाबा बोलायला उभे राहिले. मीराबाईंच्या नवऱ्याबरोबर, रामजीबरोबर, एकाच खात्यात गिरणीत काम केलेला हा एवढा एकच माणूस चाळीत उरला होता. पायांनी थकलेले, पण माइक मिळाला की सोडत नसत.

“बाबासाहेब याच मुंबईत बी.ए. झाले,” ते म्हणाले. “इथंच परळला राहिले, आणि इथनंच बोटीने अमेरिकेला गेले. आज आपल्या रामजीची नात त्याच वाटेने चाललीय. रामजी असता तर…” टाळ्या झाल्या.

मग अवनीला बोलावलं. ती माइकसमोर उभी राहिली. माइक उंच होता. तो खाली करायला कुणी पुढे येईपर्यंत तिने तो स्वतःच ओढून खाली केला.

“जय भीम. मी यंदा अमेरिकेला जात नाहीये.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, ऐकण्यात चूक झाली असं समजून.

“मला प्रवेश मिळाला होता, पण त्याला अट होती. त्यांना पदवी चार वर्षांची लागते. माझी तीन वर्षांची आहे. काल सकाळी त्यांनी कळवलं की ही पुरत नाही.” ती एकेक वाक्य जपून बोलत होती. “या तीन वर्षांशिवाय मी दुसरा कुठलाही कोर्स केलेला नाही. डिप्लोमा केलेला नाही. म्हणजे एक वर्ष कमी आहे. ते मी इथे कॉलेजात करीन, घेतलं त्यांनी तर. मग पुन्हा अर्ज करीन. स्कॉलरशिप पुन्हा मिळेल की नाही ते माहीत नाही. तुम्ही सगळे आलात, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगितलं.”

डिप्लोम्याचं ते वाक्य लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. ते लोकांसाठी नव्हतंच. मीराबाईंनी मान वळवली. राजरत्न दाराशी उभा होता, त्याने फोन खिशात कोंबला. अजित ताठ बसून होता. काल ‘नको’ म्हटलेलं काम दोघा भावांनी पुढे नेलं होतं, आणि पोरीने दोन वाक्यांत त्याचं दार बंद केलं होतं. आता तो कागद पाठवला, तर विहारातली दोनशे माणसं साक्षीला होती.

मीराबाईंना रामजी आठवला. काल त्यांनी मुलांना अर्धीच गोष्ट सांगितली होती. दोन वर्षं वाढवून सांगितल्यामुळे तो गिरणीत लागला, हे खरं. पण कागदावरचं ते वय पुढे कायम राहिलं. हातपाय धड असताना, कामाची उमेद असताना, त्याला दोन वर्षं आधीच घरी बसवलं. त्याने ऑफिसात जाऊन सांगून पाहिलं, की माझं खरं वय हे नाही. त्यांनी त्यालाच विचारलं, मग तेव्हा खोटं का सांगितलंस? ती दोन वर्षं तो गॅलरीत बसून भोंगा ऐकायचा. हे काल बोलायला हवं होतं. पण नात जायला हवी, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

कुशाबा हार हातात धरून उभेच होते. “पण पोरी,” त्यांनी माइक नसतानाही मोठ्याने विचारलं, “बाबासाहेबांची बी.ए. चालली, मग तुझी का चालत नाय?”

लोकांना हा प्रश्न पटला. कुजबुज वाढली. तेव्हा प्रिती खुर्चीवरून उठली.

“कुशाबाकाका, तेव्हा मॅट्रिकनंतर बी.ए.ला चार वर्षं लागायची. बाबासाहेबांची चार वर्षांचीच होती. आपल्याकडे नंतर तीन झाली.” ती बसणार होती, पण बसली नाही. “आणि तीन पुरतील, असं अवनीला मीच सांगितलं होतं. तिची आई नको म्हणत होती. मी नीट चौकशी करायला हवी होती. केली नाही.”

सुनेत्रा समोर बघत राहिली. प्रिती बसल्यावर तिने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणजे प्रितीला पदर सावरायला जागा झाली. याहून जास्त तिने काही केलं नाही.

“मग आता हा हार कशाचा घालायचा?” कुशाबांनी खरोखरच गोंधळून विचारलं.

“बी.एस्सी. झालीय ना? त्याचा घाला!” मागून एक बाई ओरडली. “माझ्या पोराला दोन वर्षं झाली लटकून!”

लोक हसले. हार घातला गेला, शाल दिली, फोटो निघाले. समोसे ठरल्याप्रमाणे वाटले. जाताना काहींनी अवनीच्या डोक्यावर हात ठेवला. काहींनी आपापसात म्हटलं की आधी खात्री करायची, मग फ्लेक्स लावायचा. दोन्ही गोष्टी मीराबाईंच्या कानावर आल्या. दोन्हींत तथ्य होतं.

*

घरी आल्यावर अजितने शर्ट बदलला आणि तो कॉटवर बसला. राजरत्न दारातूनच बोलायला लागला.

“माझं तोंड काय राहिलं त्या उन्मेषसमोर? आणि मंडळात? असं करणार हे काल सांगितलं असतं तर प्रोग्रॅमच केला नसता. पोरीने घरातली गोष्ट माइकवर नेली!”

“घरातली गोष्ट घरात राहिली,” सुनेत्रा म्हणाली. “तिने तुमचं नाव घेतलं का? ह्यांचं घेतलं?”

“अगं पण वहिनी…”

“राजू,” मीराबाई म्हणाल्या, “बस खाली आणि गप राहा जरा.”

तो बसला. प्रिती सकाळी आपण स्वतः अवनीच्या कॉलेजात फोन करतो, चौथ्या वर्षाला अजून घेतात का ते विचारतो, असं सुनेत्राला हळू आवाजात सांगत होती. सुनेत्रा ऐकून घेत होती. “फोन नको, ताई. समोर जाऊनच विचारू,” ती म्हणाली. कालपासून ती प्रितीशी पहिल्यांदाच ‘आपण’ या अर्थाने बोलली होती. अजितने ते ऐकलं. बहीण आणि बायको एका बाजूला झाल्या होत्या, आईही तिकडे गेली होती, आणि आपल्या बाजूला राजरत्न उरला होता. दावे तपासताना एखाद्या फायलीत उरलेला एकच साक्षीदार कसला असतो, याचा त्याला अनुभव होता.

अवनी हार काढून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“तू मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस,” तो म्हणाला.

“हो.”

“घरी येऊन बोलता आलं असतं.”

“काल घरीच बोलले होते, पप्पा. तुम्ही हो म्हणालात.”

त्याला राग आला होता, आणि त्या रागात अर्धा भाग असा होता की पोरगी खोटं बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

“राजू, फोन लाव त्याला.”

“दादा, अजून सकाळपर्यंत वेळ आहे. शांतपणे…”

“लाव.”

राजरत्नने फोन लावून दिला. अजित उभा राहिला, ऑफिसात बोलतो तसा. “हॅलो. मी अवनीचे वडील बोलतोय. काही पाठवू नका. नाही, पुढच्या आठवड्यातही नको. तयार असलं तरी नको. मार्कशीट मी येऊन घेऊन जाईन.” त्याने फोन परत दिला आणि अवनीकडे वळला.

“मला पटलंय म्हणून नाही. आता सगळ्यांना कळलंय, म्हणून.”

“चालेल, पप्पा.”

तिने ते अगदी सरळपणे म्हटलं. त्याला वाटलं होतं, ती त्याच्याकडून आणखी काही मागेल.

पानं वाढली. राजरत्न जेवायला थांबला, कारण मीराबाईंनी त्याला जाऊ दिलं नाही. सुनेत्राला पुन्हा रात्रपाळी होती, म्हणून ती सगळ्यांच्या आधी जेवून उठली आणि निघताना अजितच्या ताटात न विचारता भात वाढून गेली. प्रितीने मोबाइलवर कॉलेजची वेळ पाहिली. राजरत्नने लोणचं मागितलं.

अजित भात कालवत होता. वर न बघता त्याने विचारलं, “चौथ्या वर्षाला विषय काय असतात?”

“मला नीट माहीत नाही अजून,” अवनी म्हणाली. “एक मोठं संशोधन असतं, वर्षभराचं. विषय आपणच निवडायचा. मी विचार करत होते, मम्मीच्या हॉस्पिटलमधल्या टीबीच्या पेशंटचं काहीतरी. औषध मध्येच कोण सोडतं, आणि का.”

“त्याला पेशंटची माहिती लागेल. परवानगी लागेल.”

“हो. बऱ्याच ठिकाणी.”

“कुठे कुठे?”

ती सांगायला लागली. त्याचं जेवण झालं होतं, हात ताटात सुकत चालला होता. तो उठला नाही.